गिऱ्हाइकाआधी सर्व्हरचा फोन यावा: वेबसाइटवर देखरेख आणि अलर्ट कसे लावावेत

दिवाळीच्या आधीचा शनिवार, रात्रीचे पावणेदहा. खडेबाजारातल्या मिठाईवाल्या काकांचा फोन. "काय गा, साइट उघडंना झालीय तुझी. पुण्याचं गिऱ्हाईक फोन करून सांगतंय मला."

कुंद्याच्या ऑर्डरी घेणारी ती साइट मी सांभाळतो. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी बेळगावात टिळकवाडीत. आत शिरून पाहिलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली, लॉग फाइलींनी, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहितात त्या फाइलींनी. जागा मोकळी करायला चार मिनिटं लागली. (अशा वेळी लॉग फाइल नुसती डिलीट करू नका. चालू प्रोग्रामनं ती धरून ठेवलेली असते, नाव जातं पण जागा सुटत नाही. फाइल आतून रिकामी करा, नाहीतर ती सेवा रीस्टार्ट करा.) दुरुस्ती चार मिनिटांची आणि साइट बंद होती संध्याकाळी सहापासून! ते पावणेचार तास कुणाला काही कळलंच नव्हतं. ते कळावं म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

आधी कागद घ्या

कुठलंही सॉफ्टवेअर टाकण्याआधी 'साइट चालू आहे' म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं: ऑर्डरचं पान तीन सेकंदांत उघडतं आणि दिलेली ऑर्डर डेटाबेसमध्ये जाते. मग किती बंद चालेल तेही मालकाला विचारून ठरवा. ९९ टक्के वेळ चालू ऐकायला झकास वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ते सव्वासात तासांच्या आसपास बंद भरतं. ९९.९ टक्के म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं. काकांना मी हे आकडे सांगितल्यावर ते म्हणाले, "दिवाळीत एक मिनिट पण नको, आषाढात दिवसभर बंद ठेव." धंदेवाल्याचं उत्तर हे असं असतं, आणि ते बरोबरच आहे.

बाहेरून बघणारा डोळा

सुरुवात इथून करा, एका संध्याकाळीत होतं. अपटाइम कुमा नावाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर डॉकरवर (प्रोग्राम डब्यात बंद करून चालवायची सोय) चढवा. ते ३००१ पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, उघडतं. त्यात साइटचा पत्ता द्या आणि दर ६० सेकंदांनी तपासायला सांगा.

ते त्याच सर्व्हरवर मात्र ठेवू नका. घर जळताना आतला राखणदार ओरडून काय उपयोग? मी ते आधी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. जूनचा पहिला पाऊस लागला आणि आमच्या लाइनीचं नेहमीचं सुरू झालं. इंटरनेट धड जातही नव्हतं, नुसतं अडखळत होतं. रात्रभर 'साइट बंद', 'साइट चालू' अशा मेसेजांची रांग लागली. साइट बिचारी मुंबईत ठणठणीत होती. सकाळी मी ते दुसऱ्या कंपनीच्या एका छोट्या, स्वस्त सर्व्हरवर हलवलं आणि लागोपाठ तीनदा तपासणी फसल्याशिवाय मेसेज द्यायचा नाही, असं लावलं.

आणखी दोन गोष्टी याच बैठकीत उरका. एक, पान नुसतं उघडतं का एवढंच बघू नका. डेटाबेस पडला तरी वरचा सर्व्हर कधीकधी '२००, सगळं ठीक' म्हणत कोरं पान देतो. म्हणून पानावरचा एखादा ठरावीक शब्द शोधायला सांगा, तोही असा की जो डेटाबेसमधूनच येतो. आमच्याकडे तो शब्द आहे 'कुंदा'. दोन, एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं मिळतं. ते आपोआप नवं होईलच असं सगळे धरून चालतात, पण कधी ते राहून जातं. मुदत संपायला १४ दिवस उरले की मेसेज यावा, अशी खूण करून ठेवा.

आतून मोजणं

बाहेरचा डोळा बंद पडल्यावर सांगतो. पडायच्या आधी कळायचं तर सर्व्हरच्या आत मोजमाप हवं. त्यासाठी प्रोमेथियस. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली हे सुरू झालं, आज मोफत मिळतं. सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर नावाचा छोटा प्रोग्राम ९१०० पोर्टवर आकडे मांडून बसतो आणि प्रोमेथियस मीटर वाचणाऱ्या माणसासारखा ठरल्या वेळी येऊन ते टिपून नेतो. आम्ही दर १५ सेकंदांनी नेतो. काही बदललं नाही तर तो १५ दिवसांचा हिशेब जपून ठेवतो. आलेख बघायला ग्राफाना, ३००० पोर्टवर. हे पोर्ट जगाला उघडे ठेवू नका. फायरवॉल म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा पहारा, त्यात फक्त देखरेखीच्या सर्व्हरला वाट द्या.

ग्राफाना मिळालं की माणूस पहिले दोन दिवस रंगीत आलेखच बनवत बसतो. बसा, हौस असते. पण आलेखाकडे रात्री दोनला कुणी बघत नाही.

काय मोजावं

गूगलच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींनी चार गोष्टी सांगितल्या आहेत: उत्तराला लागणारा वेळ, वर्दळ, चुका आणि ताण. तेवढ्या पुरतात. चुका म्हणजे सर्व्हर फसल्यावर देतो ते ५०० च्या घरातले कोड. त्यातला ५०२ दिसला तर बहुधा पुढचा एनजिनएक्स (दारात विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) जिवंत आहे, पण मागचं अॅप मेलंय.

वेळ मोजताना सरासरीवर विसंबू नका. शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना पान अर्ध्या सेकंदात मिळालं आणि दहांना १५ सेकंद लागले, तर सरासरी दोन सेकंदांच्या आतच येते. आलेख छान दिसतो, आणि ती दहा माणसं शेजारच्या दुकानात गेलेली असतात. ९५ वा पर्सेंटाइल मोजा, म्हणजे शंभरातल्या ९५ जणांना जेवढ्या वेळाच्या आत पान मिळालं तो वेळ. या उदाहरणात तो थेट १५ सेकंद दाखवेल.

डिस्कसाठी 'ऐंशी टक्के भरली' हा नियम मला आता पटत नाही. काही सर्व्हर वर्षभर ८२ टक्क्यांवर सुखात असतात. त्यापेक्षा गेल्या सहा तासांचा कल बघून 'या वेगानं २४ तासांत भरेल का' हे प्रोमेथियसला विचारता येतं. लॉग सुसाट वाढू लागला की हा नियम वेळेत जागा करतो. सोबत आयनोडही (प्रत्येक फाइलीमागे डिस्कवर खर्ची पडणारी नोंद) मोजा. बारीकसारीक लाखो फाइली झाल्या की जागा शिल्लक असूनही डिस्क 'भरली' म्हणते आणि माणूस चक्रावतो. डेटाबेसची जोडणी-मर्यादा, म्हणजे एका वेळी किती जोडण्या चालतात, तीही बघा. मायएसक्यूएलमध्ये ती न बदलल्यास १५१ असते, पोस्टग्रेसमध्ये १००.

सीपीयू ९० टक्के झाला, हा मात्र अलर्ट नव्हे. काम करतोय बिचारा. गिऱ्हाइकाला उशीर होत असेल तर ते वेळेच्या मोजणीत दिसेलच.

कुणाला, कसं कळवायचं

अलर्ट पोचवतो तो प्रोमेथियसचा जोडीदार अलर्टमॅनेजर, पोर्ट ९०९३. नियम सलग पाच मिनिटं मोडला तरच अलर्ट जावा, असं लिहा. एकाच कारणाचे दहा अलर्ट एका मेसेजात बांधायला सांगा. मिटला नाही तर पुन्हा आठवण चार तासांनी, हे मुळातच ठरलेलं असतं आणि तेवढं बरं.

प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: हा रात्री दोनला वाजला तर मी उठून काय करीन? उत्तर असेल तर तो उठवणारा अलर्ट. 'सकाळी बघू' असेल तर तो ईमेलवर. उत्तरच नसेल तर तो नियम खोडा. मी सुरुवातीला तेवीस लिहिले होते, आता सहा उरलेत.

मेसेज टेलिग्रामवर पाठवणं सोपं. टेलिग्रामच्याच बॉटफादरकडून बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) बनवून टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, घ्या, ग्रुपचा क्रमांक अलर्टमॅनेजरमध्ये भरा. टोकन कोडच्या रेपॉझिटरीत (कोड साठवतो त्या जागी) चढवू नका. फोन रात्री 'डू नॉट डिस्टर्ब'वर जात असेल तर या ग्रुपला त्यातून सूट द्या.

मेसेजात काय झालं आणि पहिलं काय करायचं, दोन्ही असू द्या. रात्रपाळीला माझा गोकाकचा सहकारी असतो, शिक्षण कन्नड माध्यमातलं. म्हणून आमचे मेसेज दोन ओळींचे: एक मराठी, एक कन्नड. डिस्कचा मेसेज लिहिताना मजा झाली. कन्नडमध्ये 'डिस्क तुंबिदे' आणि आपल्याकडे 'डिस्क तुंबलीय'. तिथं दुसरी ओळ लिहायची गरजच पडली नाही.

राखणदारावर राखण

प्रोमेथियसच बंद पडला तर? सगळं शांत, आणि शांत म्हणजे ठीक असं आपण समजणार. यावर उपाय म्हणून एक नियम असा लिहा की तो कायम वाजतच राहील. त्याचा ठोका बाहेरच्या एखाद्या सेवेला जात राहतो. ठोका थांबला की ती सेवा तुम्हाला उठवते.

आता मोडून बघा

न तपासलेला अलर्ट नसल्यातच जमा. कमी गर्दीची दुपार निवडा, मालकाला आधी सांगा आणि मुद्दाम साइट बंद करा. आम्ही मंगळवारी तीनला केली. पाच मिनिटं गेली, सहा गेली, माझा फोन गप्प. मी नियम उघडून शोधत बसलो तोवर पुण्याहून फोन आला. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून तिकडे गेलेल्या पोराचा. म्हणाला, "दादा, साइट बंद पडल्याचा मेसेज आलाय मला. अजून मीच बघायचं काय गा?"