नादारीचा अर्ज केला, तरी गाडीचा हप्ता विसरू नका

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असा, अर्ज दिला म्हणजे कर्जावरची गाडी वाचली, असं कृपया समजू नका. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात तारण घेतलेल्या सावकाराचा तारणावरचा हक्क शाबूत राहतो, आणि तुमच्या आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतोच. म्हणून हप्ता थकताच कंपनीला लेखी कळवा, मुदत मागा, पोच घ्या. करारातलं जप्तीचं कलम आजच वाचा. नोटिशीची मुदत तिथेच सापडेल.

वसुलीवाले सिडकोत दारात आले, तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. धाकदपटशा करून गाडी ओढून नेणं बेकायदेशीरच आहे. घाबरून किल्ली देऊ नका, ११२ लावा. नेलीच, तर आतल्या सामानाची यादी सहीनिशी घ्या. लिलावाआधी थकबाकी भरायची शेवटची संधी मिळायला हवी, ती लेखी मागा.