बिल्डिंगची गँग, सिग्नलची गँग आणि नवीन सुपरवायझर

मुंबई महापालिकेत इमारतींची देखभाल एका खात्याकडे आणि ट्रॅफिक सिग्नल दुसऱ्याकडे, पण कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलात तर आज परळच्या शाळेची गच्ची आणि उद्या सायनला सिग्नलचा कंट्रोलर, म्हणजे दिवे चालवणारी पेटी, असं होऊ शकतं. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच, तक्रारीचा कागद वाचून माणूस शिडीवर चढवायचा नाही, आधी बिघाड कुठून येतोय ते शोधायचं, मग चढवायचा.

सकाळची हजेरी झाली की गँग, म्हणजे आपली कामगारांची टोळी, पांगायच्या आधी मुकादमाला धरून बसा. कोण कुठे, सोबत कोण, सामान काय, एवढंच. वायरमनला एकटं पाठवायचं नाही, हेल्पर पाहिजेच, आणि हेल्परला मेन स्विच कुठे आहे ते माहीत पाहिजे. नाहीतर तो खाली उभा राहून नुसती शिडी धरतो आणि वर काही झालं तर ओरडत बसतो.

आता बिल्डिंगचं. मुंबईत जूनपासून निम्म्या तक्रारी एकाच प्रकारच्या वाटतात, "सीलिंग गळतंय". गवंडी लगेच पोपडे काढून गिलावा मारायला तयार असतो कारण ते काम दिसतं आणि बिलात पण येतं, पण पाणी वरून येतंय तोवर तो गिलावा पुढच्या पावसात परत खाली. आधी वर जाऊन बघा. वर गच्ची असेल तर रेनवॉटर पाईपचं तोंड पानं-प्लॅस्टिकने बुजलंय का बघा, बरेचदा सगळा खेळ तिथेच असतो. तोंड साफ असूनही गळत असेल तर उघडीप मिळाली की ते बंद करून २-३ इंच पाणी एक-दोन दिवस तुंबवून ठेवा आणि खाली ओल कुठे उमटते ते खडूने मार्क करा. वर टॉयलेट असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात, रंग टाकलेलं पाणी सोडा, खाली रंग आला तर ट्रॅपचा जॉइंट, नाही आला तर पाण्याची लाइन तपासा. कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते मे महिन्यातच, शाळा बंद असतात आणि ऊन पण असतं. जुलैत ताडपत्रीखाली केलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे नुसता मनाला धीर.

आणि एक गोष्ट कुणी कितीही घाई केली तरी करायची नाही. कॉलमला किंवा बीमला तडा असेल, सळई गंजून फुगलेली दिसत असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्यावर गिलावा मारून रंग लावायचा नाही. फोटो काढा, जागा लिहा, त्याच दिवशी इंजिनिअरला लेखी द्या. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली, ६१ माणसं गेली, आणि ती महापालिकेचीच इमारत होती, राहणारी कुटुंबं पण महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं आणि त्यात सी-१, म्हणजे अतिधोकादायक, आली तर रिकामी करून पाडायची असते, तिथे आपली गँग पॅचवर्क करत बसली तर आपण तो धोका झाकतोय. कुणी आतली भिंत तोडून जागा मोठी करत असेल, माळा टाकत असेल, ते पण कळवायचं, "आपलं काम नाही ते" असं म्हणायचं नाही.

पाण्याची टाकी धुवायला माणूस थेट आत उतरवायचा नाही. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, ब्लोअर लावा, गॅस डिटेक्टरने तपासा, हार्नेस आणि दोरी लावा, वर माणूस ठेवा. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि तोही जातो, हे गँगला तोंडाने सांगून ठेवा. ड्रेनेज आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आपण तिथे मशीनच मागवायचं, वाद नाही.

वेळेचं भान ठेवा. हॉस्पिटलमध्ये लाइट किंवा पाणी बंद करायच्या आधी इन्चार्ज सिस्टरला विचारायचं, साहेबांची परवानगी खिशात असली तरी. मच्छी मार्केटमध्ये धंद्याच्या वेळी परांची बांधायला गेलात तर कोळणी काय बोलतील ते मी इथे लिहू शकत नाही.

सिग्नलकडे येऊ. "सिग्नल बंद आहे" या तक्रारीला तसा काही अर्थ नसतो, नक्की काय बंद ते विचारा. अख्खं जंक्शन काळं असेल तर एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) किंवा सप्लाय, सप्लाय नसेल तर शहरात बेस्ट आणि उपनगरात जी वीज कंपनी असेल तिला फोन. एकच खांब बंद असेल तर बहुतेक केबल, आणि आसपास कुणी चर खणलाय का ते आधी बघा. एकच रंग लागत नसेल तर एलईडी किंवा त्याची वायर.

चौथा प्रकार जास्त डेंजर, चारही बाजूंना पिवळा ब्लिंक होतोय. लोकांना वाटतं सिग्नल खराब झाला, पण बरेचदा कंट्रोलरने स्वतःहून तसं केलेलं असतं कारण एकमेकांना काटणाऱ्या दोन बाजूंना एकाच वेळी हिरवा मिळतोय असं त्याला दिसलं. वायरमन रिसेट मारतो, सिग्नल चालू होतो, सगळे खूश, आणि पुढच्या सरीला परत तेच. रिसेटच्या आधी कॅबिनेटमध्ये पाणी शिरलंय का, केबलच्या जॉइंटला ओल आहे का, उंदराने वायर कुरतडलीय का हे बघायला लावा. कंट्रोलरमधला जो मॉनिटर दोन हिरवे पकडतो तो बायपास करून "चालू करून दिलं" असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला त्या कामावरून काढा.

सप्लाय बंद केला की एमसीबीला आपलं कुलूप आणि चावी वर चढणाऱ्याच्या खिशात. बॅटरी बॅकअप असेल तर मेन बंद करून पण वायरमध्ये करंट असतो, म्हणून मीटर लावून बघितल्याशिवाय हात नाही. पावसात खांबाचं अर्थिंग तपासायला वेगळा दिवस काढा, कारण त्या खांबाला टेकून लोक बसची वाट बघतात.

शिडी लावायच्या आधी ट्रॅफिक चौकीला सांगा, हवालदार उभा करून घ्या. येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला आधी ट्रॅफिकचे प्लॅस्टिकचे कोन, मग बॅरिकेड, मग आपला टेम्पो आडवा, त्याच्या मागे माणसं. कलानगर किंवा हिंदमातासारख्या मोठ्या जंक्शनला सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत हात लावायचा नाही, रात्री करा. झाडाची फांदी सिग्नल झाकत असेल तर कोयता काढू नका, झाडांचा १९७५ चा कायदा आहे, उद्यान खात्याला पत्र द्या.

काम झालं की लगेच टेम्पोत बसायचं नाही, प्रत्येक बाजूला उभं राहून २-३ पूर्ण सायकल, म्हणजे हिरवा-पिवळा-लाल फेऱ्या, बघा, पादचाऱ्यांचा दिवा पण. चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद नुसते चालायला लागतात, आणि आजीबाई पिशवी घेऊन असेल तर जास्तच. वेळ कमी वाटली तर टायमिंग गँगने बदलायचं नाही, इंजिनिअर आणि ट्रॅफिक पोलिसांना कळवायचं.

शेवटचं बिलाचं. जे झाकलं जाणार आहे, म्हणजे गिलाव्यामागची सळई, जमिनीतला केबल जॉइंट, त्याचं माप आणि फोटो झाकायच्या आधी घ्या, नंतर मेजरमेंट बुकात, म्हणजे बिलासाठी मापं लिहायच्या वहीत, काय लिहायचं यावर तासभर भांडण होतं. रात्रपाळीवाल्याला रजिस्टरमध्ये "काम चालू" एवढंच लिहून जाऊ नका, कुठला एमसीबी बंद ठेवलाय, कुठली वायर उघडी टेप करून सोडलीय, कॅबिनेटची चावी कुणाकडे आहे, हे नावानिशी लिहा.