ग्रेज विरुद्ध यँकीज: न झालेला हंगाम घरी कसा खेळवायचा

मी मूळचा सांगलीचा, आता पिट्सबर्गमध्ये राहतो. इथे आलो तेव्हा शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. बेसबॉलचं स्कोअरबुक भरायला मला त्यांनी शिकवलं. लहानपणी त्यांनी इथल्या फोर्ब्स फील्ड या मैदानावर होमस्टेड ग्रेजचा खेळ पाहिला होता. ग्रेज हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ. तेव्हा त्यांना मेजर लीगमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कचे यँकीज जिथे खेळायचे त्या सर्वोच्च लीगमध्ये, घेत नसत, म्हणून त्यांच्या वेगळ्या निग्रो लीग होत्या. हे लोक यँकीजसमोर उभे राहिले असते तर काय झालं असतं, हा त्यांचा कायमचा प्रश्न. ते गेल्यावर मी फासे आणले आणि जेवणाच्या टेबलावर हंगाम सुरू केला. दर हिवाळ्यात एक हंगाम होतो. तुम्हालाही खेळवता यावा म्हणून पद्धत लिहितो.

संघ आठच घ्या. माझे असे आहेत: १९०६ चे शिकागो कब्ज, १९२७ चे यँकीज, १९४३ चे होमस्टेड ग्रेज, १९५५ चे ब्रुकलिन डॉजर्स, १९६८ चे डेट्रॉइट टायगर्स, १९७१ चे पिट्सबर्ग पायरट्स, १९७५ चे सिनसिनाटी रेड्स आणि २००१ चे सिअ‍ॅटल मॅरिनर्स. प्रत्येकाने प्रत्येकाशी चार सामने खेळायचे, दोन घरी आणि दोन बाहेर. म्हणजे एका संघाचे २८ आणि सगळे मिळून ११२ सामने. हात बसला की एक सामना पंचवीस मिनिटांत होतो. सुरुवातीला मी सोळा संघ घेतले होते, तो हंगाम फेब्रुवारीतच अर्धवट राहिला.

फासे आणि खेळाडूंची कार्डं असलेले तयार खेळ बाजारात मिळतात. एपीबीए १९५१ पासून आहे, हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ पासून. दोन्ही उत्तम आहेत. पण त्यांची कार्डं ज्या त्या हंगामाच्या हिशेबाने बनलेली असतात. वेगवेगळ्या काळातले संघ तशीच कार्डं घेऊन समोरासमोर आणले तर निकाल तिरपे येतात. म्हणून मी कार्डं स्वतः बनवतो. आकडे बेसबॉल-रेफरन्सच्या साइटवर फुकट मिळतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आकडा कधीही एकटा वाचू नका, त्याच्या लीगच्या सरासरीशेजारी ठेवून वाचा. मेजर लीगच्या दोन शाखा आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० मध्ये नॅशनल लीगमध्ये बिल टेरीची बॅटिंगची सरासरी (किती प्रयत्नांत किती वेळा चेंडू मारून बेस गाठला) ०.४०१ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रझेम्स्की ०.३०१ वर पहिला आला. वरवर पाहता टेरी कितीतरी पुढे वाटतो. पण १९३० ला त्या लीगची सरासरीच ०.३०३ होती, आणि १९६८ ला अमेरिकन लीगची होती ०.२३०. भागून बघा: टेरी १.३२, यास्त्रझेम्स्की १.३१. मी सगळ्यांना ०.२६० सरासरीच्या एका काल्पनिक लीगमध्ये आणतो. तिथे टेरी ०.३४४ आणि यास्त्रझेम्स्की ०.३४०. दोघे एका पायरीवर! १९६८ हे पिचरचंच, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचंच, वर्ष होतं. त्यानंतर पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, हे लक्षात ठेवलं की त्या वर्षीच्या टायगर्सवर अन्याय होत नाही.

हे प्रमाण सिंगल, डबल आणि ट्रिपलला (चेंडू मारून एक, दोन किंवा तीन बेस गाठणं) लावा. होमरनला, म्हणजे चारही बेस पूर्ण करून देणाऱ्या फटक्याला, मात्र लावू नका. १९२७ मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगने ४३९ होमरन मारले, त्यातले ६० एकट्या बेब रूथचे. त्या लीगमध्ये यँकीज सोडले तर कुठल्याही संघाचे मिळूनसुद्धा ६० नव्हते. तिथे गुणोत्तर लावलं तर रूथ आजच्या हिशेबाने दीडशेच्या वर जातो, आणि तो खेळ राहत नाही. होमरनचा मूळ दर तसाच ठेवा.

कार्ड कसं बनतं ते रूथवरच दाखवतो. १९२७ मध्ये तो ६९१ वेळा बॅटिंगला आला. त्यात ९५ सिंगल, २९ डबल, ८ ट्रिपल, ६० होमरन, १३७ वॉक (पिचरच्या चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) आणि ८९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). प्रत्येक आकड्याला ६९१ ने भागून हजाराने गुणा. होमरन ८७, ट्रिपल १२, डबल ४२, सिंगल १३७, वॉक १९८, स्ट्राइकआउट १२९ आणि उरलेले ३९५ साधे आउट. बेरीज बरोबर हजार यायलाच हवी. न आल्यास साध्या आउटमध्ये कमीजास्त करा. हे कच्चं कार्ड. आता यातल्या सिंगल, डबल, ट्रिपलना लीगचं प्रमाण लावायचं.

पिचरचंही असंच कार्ड करायचं, आणि प्रत्येक बॅटरला दोन गोष्टी टाकायच्या: एक साधा सहा बाजूंचा फासा आणि दहा बाजूंचे तीन फासे. साधा फासा विषम आला तर बॅटरचं कार्ड बघा, सम आला तर पिचरचं. दहा बाजूंच्या फाशांचे रंग वेगळे हवेत. लाल शतक, निळा दशक, काळा एकक, म्हणजे ००० ते ९९९. कार्डावरचे आकडे होमरनपासून वरच्याच क्रमाने सलग लावले की रूथच्या कच्च्या कार्डावर ००० ते ०८६ म्हणजे होमरन.

इथे माझी पहिल्या वर्षी मोठी चूक झाली. अर्धे फासे पिचरच्या कार्डावर जातात, त्यामुळे रूथचा प्रभाव निम्मा झाला आणि तो चारचौघांसारखा खेळायला लागला. उपाय सोपा आहे: खेळाडूचा आकडा दुप्पट करा आणि त्यातून काल्पनिक लीगची सरासरी वजा करा. माझ्या लीगमध्ये हजारामागे २० होमरन आहेत, म्हणून रूथच्या पक्क्या कार्डावर ८७ दुणे १७४, वजा २०, म्हणजे १५४. सरासरी पिचरच्या कार्डावर २०. दोन्हींचं निम्मं काढलं की पुन्हा ८७ येतात. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य लिहा. प्रत्येक रकान्याला हेच करा, म्हणजे १९०६ च्या कब्जचा पिचर मॉर्डेकाय ब्राउन खरोखर ब्राउनसारखा वाटतो.

साधा आउट आला की काळा फासा बघायचा. बेसबॉलमध्ये फील्डरना १ ते ९ क्रमांक असतात, त्यामुळे चेंडू कुणाकडे गेला ते आपोआप कळतं. शून्य आला तर फील्डरच्या चुकीची शक्यता, पुन्हा एक फासा टाका. पहिल्या बेसवर धावपटू असताना आणि दोन आउट झालेले नसताना ४ किंवा ६ आला तर डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे आउट. बाकी बारीक नियम हंगामाआधी कागदावर लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

पिचरऐवजी बॅटिंग करणारा खेळाडू चालेल की नाही, यावर मी घरच्या संघाचा नियम लावतो. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, १९८६ पासून २०२१ पर्यंत (२०२० सोडून) असंच चालायचं. त्यामुळे मॅरिनर्सचा एडगर मार्टिनेझ सिअ‍ॅटलमध्ये पूर्ण खेळतो, बाहेर बाकावर बसतो. पिचर किती इनिंग टिकेल हे त्याच्या स्वतःच्या त्या वर्षीच्या सरासरीवरून ठरवा.

आता ग्रेजबद्दल थोडं जास्त लिहिणार. त्यांच्या लीगचे नोंदवलेले सामने एका वर्षात शंभराच्या आत असायचे, म्हणून मी १९४२ ते १९४४ अशी तीन वर्षं एकत्र धरतो. एवढंच. त्यापुढे शंका म्हणून त्यांचे आकडे खाली ओढू नका. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या सात निग्रो लीगना मेजरचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदीत आले. कारकिर्दीच्या सरासरीत आज ग्रेजचा जॉश गिब्सन ०.३७२ वर सगळ्यांच्या पुढे आहे. तो जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी वारला, आणि कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला त्याच वर्षी १५ एप्रिलला. तीन महिन्यांचंही अंतर नव्हतं. माझ्या टेबलावर रॉबिन्सन आणि गिब्सन एकमेकांविरुद्ध खेळतात, तो सामना मी कधीच घाईत उरकत नाही.

ग्रेजचं घरचं मैदान फोर्ब्स फील्ड धरा. त्याच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे आणि होम प्लेट विद्यापीठाच्या इमारतीत काचेखाली ठेवली आहे. डावीकडून मध्याकडे कुंपण ४५७ फुटांपर्यंत लांब होतं. म्हणून माझा नियम: उजव्या हाताच्या बॅटरचा होमरन आला की लाल फासा पुन्हा टाकायचा. ०, १, २ आले तर तो ट्रिपल.

गेल्या फेब्रुवारीत हाच नियम कामाला आला. नववी म्हणजे शेवटची इनिंग, यँकीज एका रनने पुढे, पिचर वेट हॉइट, एक आउट. ग्रेजचा कूल पापा बेल वॉकवर पहिल्या बेसला. गिब्सन आला. साधा फासा ३, म्हणजे त्याचंच कार्ड. मग ०, ४, १. होमरन! लाल फासा पुन्हा टाकला, १ आला. ट्रिपल. बेल घरी, बरोबरी. पुढचा बक लेनर्ड. त्याचा आउट आला, काळा फासा ८, म्हणजे चेंडू सेंटर फील्डरकडे खोल. तिसऱ्या बेसवरून गिब्सन घरी आला आणि ग्रेज जिंकले. मी ते आजोबांनी शिकवलेल्या खुणांनी पेन्सिलने भरलं आणि उठून स्वयंपाकघरात बायकोला सांगायला गेलो.

ग्रेज १६-१२ वर तिसरे आले. पहिल्या दोघांची सात सामन्यांची मालिका रेड्स आणि यँकीजमध्ये झाली, रेड्स सहाव्या सामन्यात जिंकले. यंदा पहिला सामना फोर्ब्स फील्डवर ठेवलाय, ग्रेजकडून रे ब्राउन पिचिंग करेल. समोर १९०६ चे कब्ज आहेत.