ऊतकावर अँटीबॉडी टाकण्यापूर्वीची तयारी

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे ऊतकातील ठरावीक प्रथिन अँटीबॉडीने शोधून रंगाने दाखवण्याच्या तपासणीत, स्लाइडवर रंग उमटला नाही की संशय आधी अँटीबॉडीवर जातो. पण बिघाड पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी, नमुना शरीराबाहेर आला त्याच सुमारास झालेला असतो. म्हणून नमुना किती वाजता काढला आणि किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) गेला, या दोन्ही वेळा मागणीपत्रावर नोंदलेल्या आहेत का, हे सर्वप्रथम पाहावे. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर किंवा हर-२ (उपचार ठरवण्यासाठी पाहिली जाणारी गाठीतील प्रथिने) तपासायचे असल्यास हे अंतर १ तासाच्या आत असावे आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये नमुना ६ ते ७२ तास राहावा. मोठा नमुना न कापता तसाच बुडवला, तर कडेला रंग आणि मध्यभाग कोरा असे चित्र दिसू शकते व ते गाठीचेच वैशिष्ट्य समजले जाण्याचा धोका राहतो.

पॅराफिन ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या ऊतकाचे) काप ३ ते ४ मायक्रॉनचे घेऊन धनभारित स्लाइडवर चढवावेत. फॉर्मॅलिनमुळे झाकले गेलेले प्रतिजन (अँटीबॉडी जेथे चिकटते तो भाग) उघडे करण्यासाठी पीएच ६ चे सिट्रेट की पीएच ९ चे ट्रिस-ईडीटीए द्रावण वापरायचे, हे अँटीबॉडीच्या क्लोननुसार (ती ज्या पेशीवंशातून बनवली त्यानुसार) आधीच ठरवून ठेवावे. यानंतर काप एकदाही कोरडा पडू देऊ नये.

अँटीबॉडीच्या कुपीवरील क्लोन, लॉट क्रमांक व मुदत नोंदवहीत उतरवावी. माहितीपत्रकात दिलेले विरलन (अँटीबॉडी किती पातळ करायची ते प्रमाण) ही केवळ सुरुवात समजावी. आपल्या प्रयोगशाळेतील योग्य प्रमाण खात्रीच्या पॉझिटिव्ह ऊतकावर चढत्या विरलनांनी तपासूनच निश्चित करावे. पेरॉक्सिडेज या रंग उमटवणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) आधारित पद्धतीत बफरमध्ये सोडियम अझाइड नाही ना, हे अवश्य पाहावे, कारण ते या विकराचे काम थांबवते. उंदराच्या ऊतकावर उंदराचीच अँटीबॉडी लावल्यास पार्श्वभूमी रंगते, त्यामुळे संशोधनात शक्य तेथे सशाची निवडावी.

कंट्रोलबाबत, म्हणजे तुलनेसाठी सोबत रंगवायच्या स्लाइडबाबत, मात्र काटकसर नको. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून गडद रंगणारा तुकडा सोयीचा वाटतो, तरी अँटीबॉडीची धार कमी झाल्याचे त्यावर लवकर कळत नाही. म्हणून फिकट रंगणारे ऊतकही सोबत ठेवावे. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून दुसऱ्या स्लाइडवर प्राथमिक अँटीबॉडी (प्रतिजनाला थेट चिकटणारी) वगळून बाकी सर्व टप्पे जसेच्या तसे पार पाडावेत. यकृत व मूत्रपिंडात मूळचेच बायोटिन (रंगवण्याच्या काही पद्धतींत वापरले जाणारे जीवनसत्त्व) भरपूर असल्याने तेथे बायोटिनविरहित पॉलिमर पद्धत बरी. मेलॅनिनयुक्त (मुळातच तपकिरी रंगद्रव्य असलेल्या) गाठीत डीएबी या रंगद्रव्याचा तपकिरी रंग ओळखू येत नाही, तेव्हा लाल रंगद्रव्य मागवून ठेवावे.

रंग कोठे अपेक्षित आहे, हेही सूक्ष्मदर्शकाशी बसण्यापूर्वी लिहून ठेवावे: इस्ट्रोजेन रिसेप्टर केंद्रकात, हर-२ पेशीपटलावर. बायोप्सी लहान असेल तर अँटीबॉडींचा क्रम पॅथॉलॉजिस्टशी आधीच ठरवावा आणि लागणारे सर्व काप एकाच बैठकीत घ्यावेत, कारण ब्लॉक पुन्हा यंत्रावर लावून समतल करताना बरेच ऊतक वाया जाते. हर-२ चा निकाल २+ (संदिग्ध) आल्यास इन सिटू हायब्रिडायझेशन (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करावे लागते. त्यापुरते ऊतक राखून ठेवावे.