तांबड्या पेशीतली एन्झाइम्स: मोजण्याआधी समजून घ्या

परिपक्व तांबड्या रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) नसतात. एटीपी (ऊर्जेचा रेणू) मिळतो तो ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे ग्लुकोज फोडणाऱ्या वाटेतून, आणि एनएडीपीएच (ऑक्सिडंटपासून पेशी वाचवणारा रेणू) पेंटोज फॉस्फेट मार्गातून. दोन्ही वाटा ग्लुकोज-६-फॉस्फेटपाशी फुटतात, म्हणून अभ्यास तिथूनच सुरू करावा. ग्लुकोज-६-फॉस्फेट साचलं की ते बनवणारं हेक्सोकायनेज मंदावतं. ग्लायकोलिसिसमधल्या पुढच्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमला जास्त एटीपी आणि कमी पीएच आवर घालतात, एएमपी चालना देतं. पेंटोज फॉस्फेट मार्गातलं पहिलं एन्झाइम जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज), त्याला एनएडीपीएचच रोखून धरतं, त्यामुळे निरोगी पेशीत ते क्षमतेच्या अगदी छोट्या अंशावर चालतं. ऑक्सिडंट आले, एनएडीपीएच खर्च झालं, की लगेच वेग वाढतो.

इथेच नवख्यांचा घोळ होतो. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, भरपूर असतं, त्यामुळे तिथे दिसते ती एन्झाइमची कमाल क्षमता. पेशीतला खरा वेग त्यावरून कळत नाही.

जी६पीडीसाठी ईडीटीएतलं (गोठू न देणाऱ्या रसायनातलं) रक्त घ्या, थंड सलाइनने पेशी तीनदा धुवा, प्लाझ्मासोबत बफी कोटही (पांढऱ्या पेशींचा थर) काढून टाका. पेशी फोडून मिळालेलं द्रावण (हिमोलायसेट) बर्फावर ठेवा आणि त्यात थोडं एनएडीपी (ज्यापासून एनएडीपीएच बनतं ते) घाला, त्याने एन्झाइम टिकतं. ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएचची वाढ नोंदवा (मोलर गुणांक ६२२०) आणि निकाल प्रतिग्रॅम हिमोग्लोबिन द्या. हिमोलायसेटमधलं याच मार्गातलं पुढचं एन्झाइम, ६-फॉस्फोग्लुकोनेट डीहायड्रोजिनेज, दुसरं एनएडीपीएच बनवतं, त्यामुळे आकडा फुगतो. एका क्युव्हेटमध्ये दोन्ही सब्स्ट्रेट (ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट), दुसऱ्यात फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट ठेवून वजाबाकी करा. हा टप्पा गाळू नका.

ग्लायकोलिसिसच्या शेवटी एटीपी बनवणारं पायरुव्हेट कायनेज मोजताना पांढऱ्या पेशी आणखी काटेकोरपणे काढाव्या लागतात. त्यांच्यात हे एन्झाइम कितीतरी जास्त असतं, थोड्या उरल्या तरी खरी कमतरता झाकली जाते. सेल्युलोजच्या स्तंभातून रक्त गाळणं उत्तम. रेटिक्युलोसाइटची (कोवळ्या तांबड्या पेशींची) संख्याही सोबत लिहा, कारण कोवळ्या पेशींत हेक्सोकायनेज, पायरुव्हेट कायनेज, जी६पीडी तिन्ही जास्त असतात. नुकतंच हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) झालेल्या रुग्णाचं जी६पीडी त्यामुळेच 'नॉर्मल' येऊ शकतं. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

नियंत्रण नेमकं कुठे आहे, हे मात्र मेटाबोलाइट (मार्गातले मधले पदार्थ) सांगतात. त्यासाठी रक्त काढल्याबरोबर थंड परक्लोरिक आम्लात मिसळा. उशीर झाला तर नळीतही ग्लायकोलिसिस चालूच राहतं. मग पोटॅशियम कार्बोनेटने उदासीन करा, खाली बसलेलं पोटॅशियम परक्लोरेट सेंट्रिफ्यूजने वेगळं करा. पायरुव्हेट कायनेजची कमतरता असेल तर फॉस्फोइनॉलपायरुव्हेट (या एन्झाइमचं सब्स्ट्रेट) आणि २,३-बीपीजी (२,३-बिसफॉस्फोग्लिसरेट) चढलेले, एटीपी बहुधा उतरलेला दिसतो.