एसयूव्हीत पायाशी पाणी: सनरूफच्या नळीचा अनुभव

पावसाळ्यात आमच्या सात सीटर एसयूव्हीत ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट सारखं ओलं व्हायचं. वास तर इतका कुबट की मुलं नाक दाबून बसायची. गॅरेजवाल्याने थेट सनरूफचं रबर बदलायचा खर्च सांगितला.

आधी पाणी कसलं ते बघितलं. चिकट, गोडसर वासाचं असतं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. एसीचं असतं तर कोरड्या दिवशीही आलं असतं. इथे मात्र दादरला जोराची सर कोसळली की हे हजर!

मुळात रबर सगळं पाणी अडवतच नाही. आत आलेलं पाणी पन्हळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांत जातं. पुढच्या नळ्या काचेलगतच्या खांबातून खाली उतरतात. गाडी पर्जन्यवृक्षाखाली उभी, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात पानांचा काळा गाळ बसून नळी तुंबलेली. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवली. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत सांध्यातून निसटू शकते. कपभर पाणी ओतलं तर पुढच्या चाकामागून सरळ धार लागली.

कार्पेटखालचा फोम मात्र उचलूनच वाळवावा लागला. वरून पंखा लावून काही होत नाही.