या चुका टाळा: स्टेजवर बेस ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्याआधी

बेस गिटार वाजवणाऱ्याची स्टेजवरची तक्रार ठरलेली: "माझं मलाच ऐकू येत नाहीये." उपायही ठरलेला, अ‍ॅम्पचं (बेसचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीचं) बटण थोडं वर. मग ड्रमर जोरात मारायला लागतो, कीबोर्डवाला मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकण्याचा स्पीकर, वाढवून मागतो, गायक एका कानावर हात ठेवून गातो, आणि तिसऱ्या गाण्याला आपला हात पुन्हा त्याच बटणाकडे जातो.

पुण्यात आणि आसपास ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या रिसेप्शनला, कॉलेजच्या गॅदरिंगला मी १८ वर्षं बेस वाजवतोय. त्यातली पहिली १२ वर्षं मी असाच वाजवला. आता माझ्या उजव्या कानात कायमची बारीक शिट्टी आहे. रात्री पंखा बंद केला की ती ठळक होते. बेस ऐकू न येण्याची कारणं बहुतेक वेळा व्हॉल्यूममध्ये नसतातच. ती आधी शोधली असती तर बटणाला हात लावायची वेळ क्वचित आली असती, एवढं मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

अ‍ॅम्प पोटऱ्यांना ऐकवू नका

अ‍ॅम्प जमिनीवर, मागच्या पडद्याला चिकटून, आणि आपण त्याच्यापुढे दोन फुटांवर पाठ करून उभे. हे चित्र तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. स्पीकरमधून निघणारे खालचे सूर चहूकडे पसरतात, पण बोटाचा ठोका, तारेची धार, म्हणजे ज्यावरून आपण काय वाजवतोय ते कळतं, तो भाग सरळ रेषेत पुढे जातो. तो आपल्या पोटऱ्यांवर आदळतो आणि कानाला पोचतो फक्त कोंदट "बुम्म". समोर पाच-सहा मीटरवर बसलेल्या पाहुण्यांना मात्र तोच अ‍ॅम्प स्वच्छ आणि भयंकर मोठा ऐकू येत असतो.

एकदा मध्यंतरात मी साउंडवाल्या दादांना म्हटलं, बाहेर बेस जरा वाढवा. ते शांतपणे म्हणाले, "दादा, बाहेर बेस लावलेलाच नाही. तुमच्या स्टेजवरूनच एवढा येतोय." त्या दिवशी मी अ‍ॅम्प एका रिकाम्या फ्लाइट केसवर (सामान न्यायच्या टणक पेटीवर) चढवला आणि थोडा मागे कलता केला. दुसऱ्या भागात व्हॉल्यूम पूर्वीच्या निम्म्यावर होतं आणि मला प्रत्येक सूर ऐकू येत होता. खुर्ची, टेबल, केटररचा प्लास्टिकचा क्रेट, काहीही चालतं. डळमळत नाही ना, एवढं पाहा. कोपऱ्यात मात्र ठेवू नका. भिंत आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात आणि एखादाच सूर ढेकर दिल्यासारखा वर येतो.

एक गैरसमज इथेच निपटून टाकतो. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, हवेत त्याची एक लाट ८ मीटरहून लांब, म्हणून "बेस जवळ ऐकू येतच नाही, लांबच तयार होतो" असं बरेच जण सांगतात. तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस कधीच ऐकू आला नसता.

घरी गोड, स्टेजवर गायब

घरी एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वर, मधलं खाली, असा आवाज फार छान वाटतो. प्रोग्रामला तोच सेटिंग ठेवला की बेस दिसेनासा होतो. खालच्या पट्टीत ढोलकचा घुमारा, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच बसलेले असतात. वरच्या पट्टीत झांजा आणि गायकाचे "स" असतात. बेसला खरी मोकळी जागा मिळते ती मध्ये, साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, आणि तीच आपण कापून टाकलेली असते. मिड थोडं वर करा, बेसचं बटण बारावर म्हणजे मध्यावर आणा. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटेल. बँड सुरू झाला की बरोबर बसेल.

आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आपल्या आधीच्या पिढीने छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकला, तरी तो लक्षात राहिला. त्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नव्हतं. कानाला पोचत होते ते वरचे उपस्वर, आणि मूळ सूर मेंदू स्वतः भरून घेत होता. म्हणून मी म्हणतो, खालचा आवाज वाढवण्याचा मोह आवरा. आणि कीबोर्डवाल्याशी प्रोग्रामच्या आधी एकदा बोला. "मी असताना डावा हात जरा हलका ठेव" हे एक वाक्य मला महागड्या पेडलपेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

घरघर आली म्हणून तिसरी पिन तोडू नका

ही चूक जिवाशी येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंगची घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर येते. आता बेसवर पाहा. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीवरचा) जी ४९ हर्ट्झ, मोकळी जी तार ९८. म्हणजे घरघर बरोब्बर आपल्या सुरांच्या मांडीला मांडी लावून बसते. ती झाकायला आपण आवाज वाढवतो आणि घरघरही तेवढीच वाढते. मग कुणीतरी अनुभवी माणूस सल्ला देतो: अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाक, किंवा दोन पिनांचा जुगाड लाव. घरघर थांबतेही. पण त्या पिनेचं काम तुम्हाला वाचवण्याचं असतं.

एका लॉनवर अवकाळी पाऊस होऊन गेला होता, गवत ओलं. मी बेस वाजवता वाजवता कोरस गायला माइकजवळ गेलो. ओठ जाळीला टेकले आणि दातांत ठिणगी उडाल्यासारखा झटका बसला, डोळ्यांपुढे पांढरं झालं. डावा हात तारांवर होता. माइकचा साउंड एका बोर्डावर, माझा अ‍ॅम्प मंडपातल्या दुसऱ्या बोर्डावर, आणि त्या दुसऱ्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. तेव्हापासून टेस्टर माझ्या बॅगेत असतो. साउंड चेकला आधी टेस्टर तारांना आणि माइकच्या जाळीला लावायचा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. आयोजक घाई करतील, करू देत.

घरघर शोधायची तर क्रमाने शोधा. बेसवरचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती बेसमधून येत होती. एलईडी लाइटच्या डिमरपासून आणि मोबाइल चार्जरपासून लांब व्हा, अंग थोडं वळवून पाहा. नाही गेली तर केबल अ‍ॅम्पमधून काढा. आता गेली तर केबल खराब. तरीही राहिली आणि डीआयमधून (बेसचा सिग्नल मिक्सरकडे पाठवणाऱ्या बॉक्समधून) मिक्सरला जाणारी वायर काढल्यावरच थांबली, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगचं वर्तुळ. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. हे बटण फक्त सिग्नलच्या वायरची जमीन तोडतं, अ‍ॅम्पच्या विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. शक्य असेल तर तुमचा अ‍ॅम्प आणि साउंडवाल्यांचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. हॉलची लाइट आणि जनरेटर अशी सरमिसळ टाळली की निम्मे त्रास सुरूच होत नाहीत.

बाकीच्या छोट्या गोष्टी

जोरात वाजवलं की सूर फाटतो, हळू वाजवलं की ठीक? अ‍ॅक्टिव्ह बेस (बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. जॅक बेसमध्ये लावून ठेवला की बॅटरी रात्रभर उतरत राहते, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा.

अ‍ॅम्पवरच्या डीआयला "प्री" आणि "पोस्ट" असं बटण असेल तर प्री ठेवा. नाहीतर तुम्ही स्टेजवर मिड फिरवलं की बाहेरचाही आवाज बदलतो आणि साउंडवाले दादा हैराण होतात.

अ‍ॅम्प हेड (नुसता अ‍ॅम्पचा डबा) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नका, ती आतून बारीक असते आणि तापते. स्पीकर केबल वेगळी असते. ८ ओहमच्या दोन कॅबिनेट जोडल्या की भार ४ ओहम होतो, तिसरी जोडली की ३ च्याही खाली जातो. अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान किती ते लिहिलेलं असतं, तिथेच थांबा.

कोकणात किंवा गोव्यात वाजवायला गेलात तर दमट हवेत बेसची मान, म्हणजे लांब दांडा, हलते आणि तारा फ्रेटला लागून खरखरतात. आदल्या दिवशी पोचणं झालं तर बेस केसमधून काढून खोलीत राहू द्या. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

कानांच्या बाबतीत मी केलेल्या चुका

पहिली चूक ही समजूत, की बेसचा आवाज खालचा, त्याने कान जात नाहीत. माझे कान बेसने गेले नाहीत, हे खरंच. मी वर्षानुवर्षं ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीशेजारी) उभा राहिलो, तो माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोला वादकाने कान गेल्याबद्दल संस्थेवर दावा केला आणि २०१८ मध्ये तो जिंकला. त्याच्या मागे पितळी वाद्यं बसवली होती. आपलं वाद्य कोणतं यापेक्षा शेजारी कोण आहे ते पाहा. झांजांपासून दोन पावलं पुढे सरका.

अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेची मर्यादा अशी: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ३ तासांचा प्रोग्राम धरला तर ८९ च्या वर जायला नको, आणि ड्रम सेट असलेल्या स्टेजवर ते सहज ओलांडलं जातं. मोबाइलवर मोजणार असाल तर एक लक्षात ठेवा. ही मोजणी "ए" पट्टीवर असते, आणि ती ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरते. म्हणून नुसता बेस वाजवून आकडा पाहू नका, पूर्ण बँड वाजताना आपल्या कानाजवळ फोन धरा.

कापसाचे बोळे जवळजवळ काहीच वाचवत नाहीत. गणपतीत पथकात ढोल वाजवणारे कितीतरी मित्र बोळे घालून निर्धास्त असतात, आणि विसर्जनानंतर लगेच ऑर्केस्ट्राच्या तारखा घेतात. कानाला विश्रांतीच नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग खरंच वाचवतात, पण ते वरचे सूर जास्त कापतात. त्यामुळे बेस चिखलासारखा ऐकू येतो आणि लोक दुसऱ्या गाण्याला ते काढून टाकतात. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर जवळजवळ सारखे कमी करतात. १५ डेसिबलचा फिल्टर नीट बसला तर १०० चे ८५ होतात, म्हणजे १५ मिनिटांचे ८ तास. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा ऑडिऑलॉजिस्टकडे कानाचा साचा घेऊन ते करून मिळतात.

फोम वापरणार असाल तर घालायची पद्धत महत्त्वाची. तो चिमटीत वळून बारीक काडी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लटकत असेल तर तो नुसता शोभेचा. आणि पहिल्यांदा थेट प्रोग्रामला घालू नका. दोन-तीन रिहर्सलला घाला. आपला आवाज डोक्यात घुमतो, ते सवयीने जातं.

इन-इअर मॉनिटर (कानात घालायचा छोटा स्पीकर) एकाच कानात घालून दुसरा "माहोल कळावा म्हणून" उघडा ठेवणं, हे तर नवे वादक सर्रास करतात. उघडा कान स्टेजचा पूर्ण मारा खातो आणि झाकलेल्या कानात आपण आवाज वाढवत नेतो. दोन्ही घाला, लोकांचा आवाज हवा तर साउंडवाल्यांकडून एक माइक त्यात मागून घ्या.

उघड्यावर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसे आहेत. त्यामुळे उशिरा सुरू झालेल्या प्रोग्राममध्ये पहिली कात्री साउंड चेकला लागते. मी आता सुपारी घेतानाच अर्ध्या तासाचा साउंड चेक मागून घेतो. तो झाला नाही की सगळेच जण गाणं चालू असताना आपापला आवाज वाढवतात.

प्रोग्रामनंतर कान वाजत असतील, बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत असेल, तर ती सूचना समजा. पुढचे दोन दिवस हेडफोन नको. कानात कोमट तेल घालू नका, इजा आतल्या केसपेशींना झालेली असते, तेल तिथवर पोचत नाही आणि त्या पेशी पुन्हा उगवतही नाहीत. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट पाहू नका, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होतो.

आणि चाचणी करून घ्या. मी घाबरत गेलो होतो. काचेच्या खोलीत बसवतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. एका टप्प्यावर बराच वेळ काहीच आलं नाही आणि मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडे बाई मात्र कागदावर खुणा करत होत्या. २००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कानांच्या रेघा बरोबर होत्या, ४००० ला उजव्या कानाची रेघ खड्ड्यात गेली होती आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आली होती. आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण, त्यांनी बोट ठेवून दाखवली. आता दरवर्षी पावसाळ्यात, कामं कमी असतात तेव्हा, आदल्या दिवशी रिहर्सल न ठेवता मी जातो. जुना कागद शेजारी ठेवून दोन्ही रेघा ताडून पाहतो. प्लग घालायला लागल्यापासून तो खड्डा आहे तेवढाच आहे.